आधी आपल्या खांद्यावर

शिंप्याच्या दुकानात अगदी मागे, इस्त्रीच्या टेबलाशेजारी एक ठेंगणी बाई बसते. तिला सगळे पिशवीकाकू म्हणतात. खरं तर तिचं दुकानातलं काम म्हणजे काजं करायची, बटणं लावायची आणि पँटच्या खालच्या दुमडी हातानं शिवायच्या. त्यात पिशवी कुठेच येत नाही. पण माणसाला टोपणनाव कामावरून पडत नाही, खोडीवरून पडतं.

काकूंची खोड अशी की त्यांना कातरण टाकवत नाही. मास्टरांची कात्री चालली की खाली पडणारे तुकडे त्या झाडूच्या आधी गाठतात. पडद्याची पट्टी, कोटाचं अस्तर, शर्टाच्या बाहीतून उरलेला कोपरा, सगळं घरी पेटीत जातं आणि पेटीतून काहीतरी होऊन बाहेर येतं. शेजारणीला गरम पातेलं उतरवायला जाड फडकं, पोस्टमनला चष्म्याचं घर, लेक शाळेत होता तेव्हा त्याच्या बाईंना खडू ठेवायची थैली. आणि पिशव्या तर इतक्या, की भाजीच्या बाजारात उभं राहिलं तर दर चार माणसांमागे एक काकूंची पिशवी दिसावी. विकली मात्र एकही नाही. कुणी किंमत विचारली की काकू म्हणायच्या, "चिंध्यांची किंमत लावायला मी काय वेडी आहे?"

आणि या देण्यालाही एक नियम होता. वस्तू शिवून झाली की आधी काकू स्वतः वापरायच्या. फडकं असेल तर त्यानं घरचं उकळतं पातेलं उतरवायच्या. चटका बसला तर आत आणखी एक घडी. चष्म्याचं घर असेल तर काही दिवस त्यात आपला चष्मा. शेजारणीच्या नातवासाठी लाळेरं शिवलं, तेव्हा तेही गळ्यात बांधून चहा प्यायल्या होत्या. लेकानं दारातून ते पाहिलं आणि तो आल्या पावली परत फिरला.

हे वेड लहानपणीचं. काकू शाळेत गेल्या त्या जेमतेम अक्षराला अक्षर जोडता येईल इतक्याच. पण तेवढ्यात त्यांनी आपल्या बाईंना एक पिशवी शिवून दिली होती. सगळ्या वर्गासमोर दिली, शाबासकीही घेतली. बाईंनी त्याच दिवशी तिच्यात वर्गाच्या वह्या भरल्या आणि शाळेच्या फाटकाशी पिशवीचा बंद तुटला. रस्ता नेमका ओला होता. बाई एक शब्द बोलल्या नाहीत, उलट पाठीवरून हात फिरवला. तोच हात काकूंना जन्मभर पुरला. बाई रागावल्या असत्या तर काकू कदाचित विसरूनही गेल्या असत्या.

तेव्हापासून त्यांच्या हातची प्रत्येक वस्तू आधी त्यांच्या अंगाखांद्यावरून जाते, मग धुऊन, इस्त्री करून, दुसऱ्याच्या हातात पडते. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? भाजी करणारी बाई मीठ चाखून बघते, ते काय वाढताना सांगत बसते?

तर अशा घरात सून आली.

काकूंचा लेक नळदुरुस्तीची कामं करतो. त्यानं स्वतःच जमवलेलं लग्न. मुलगी त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला चष्म्याच्या दुकानात कामाला. उंच इतकी, की स्वयंपाकघराच्या दारातून येताना मान वाकवायची. आई लहानपणीच गेलेली. शाळेतल्या एका बाईंनीच तिला चार गोष्टी शिकवल्या, रागवायचं तिथं रागवल्या, आजारपणात उशाशी बसल्या. त्यामुळे मुलगी सालस होती. जरा जास्तच सालस. "आई, चहा ठेवू का?" "आई, दिवा मालवला तर चालेल ना?" बोलणं असं, जसं काउंटरपलीकडच्या गिऱ्हाइकाशी. काकूंना वाटायचं, आता ही चहाबरोबर पावतीसुद्धा देईल.

सुनेनं उलट बोलावं अशी इच्छा धरणारी सासू विरळाच. पण काकूंना तेच हवं होतं. जिथं राग येत नाही तिथं माणूस पाहुणा असतो, हे त्यांना ठाऊक होतं. ही पोरगी घरची व्हावी, म्हणून त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. पिशवी शिवली.

अशी पिशवी त्यांनी आधी शिवली नव्हती. सोफ्याच्या कापडाचा जाड हिरवा तुकडा, सुनेच्या स्कार्फच्याच रंगाचा. आतून मोहरीच्या रंगाचं अस्तर. किल्लीला एक खिसा, चष्म्याचे स्क्रू पिळायचा छोटा पेचकस ठेवायला दुसरा. बंद दुहेरी कापडाचे, आणि बंद जोडला तिथं चौकोनी टीप मारून चौकोनाच्या पोटात फुली. ती फुली असली की बंद उसवत नाही. मग नेहमीप्रमाणे काकूंनी ती खांद्याला लावली आणि बाजार केला. बटाटे आणले, कांदे आणले, साबणाच्या वड्या आणल्या. एकदा तेलाची बाटली आणली, तिचं बूच जरा सैल होतं. बंद हूं की चूं करेना. धुतल्यावर तळाच्या कोपऱ्यात तेलाचा एवढासा डाग राहिला. काकू म्हणाल्या, तळाशी कोण बघतंय.

इस्त्री केलेली घडी त्यांनी सुनेच्या हातात ठेवली.

सुनेनं पिशवी उलगडली. उलटून पाहिली. तळाच्या कोपऱ्यावर तिचं बोट थांबलं.

"छान आहे, आई," ती म्हणाली, आणि घडी करून कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन कामाला निघाली ती प्लास्टिकच्या पिशवीतून. तिसऱ्या दिवशीही तेच. पुढे एकदा पांघरुणं काढताना काकूंना कपाटात हिरवी पिशवी दिसली. सगळ्यात खाली, जशीच्या तशी.

दुकानात काजं करता करता काकूंनी विषय काढला. मास्टर खडूनं कापडावर रेघा ओढत होते.

"रंग आवडला नसेल," मास्टर म्हणाले.

"रंग तिच्याच स्कार्फचा आहे."

"मग आजकालच्या मुलींना घरी शिवलेलं नको असतं. काकू, मनाला लावून घेऊ नका. तुमची वस्तू कुणी टाकत नाही. आमच्या हिनं तर तुमच्या पिशवीत घरातल्या बाकीच्या सगळ्या पिशव्या भरून ठेवल्यात."

"म्हणजे वापरत नाही."

"वापरते की. पिशव्या ठेवायला."

काकूंनी दोरा दातानं तोडला आणि पुढचं काज हातात घेतलं.

असेच काही आठवडे गेले. मग एका सुट्टीच्या दिवशी सून त्यांच्यासमोर येऊन बसली. हात मांडीत, अगदी मुलाखतीला आल्यासारखी.

"आई, माझ्या शाळेतल्या बाई आता निवृत्त होणार आहेत. मला त्यांना हातानं केलेलं काहीतरी द्यायचंय. विकतचं सगळे देतील. तुम्ही शिकवाल का पिशवी शिवायला?"

काकूंच्या जिवात जीव आला. पण तोंडानं त्या एवढंच म्हणाल्या, "सुई धरता येते का?"

"पेचकस धरता येतो."

"मग येईल."

पेटी उघडली. सुनेनं निळं कापड निवडलं, काकूंनी अस्तर सुचवलं. रोज कामावरून आल्यावर दोघी खिडकीशी बसायच्या. सुनेचे टाके आधी असे पडायचे की जणू कोंबडी कापडावरून चालत गेली. काकू ते उसवायला लावायच्या. सून बोट टोचून घ्यायची, बोट तोंडात घालून परत बसायची. मधूनच बाईंच्या गोष्टी सांगायची. बाई उंच, चालायच्या भराभर, एका खांद्याला कायम वह्यांचं ओझं, त्यामुळे तो खांदा कायमचाच खाली आलाय. एरवी तोलून मापून बोलणारी पोर सुई हातात असली की बोलत सुटायची. काकूंना वाटलं, ही पिशवी कधी संपूच नये.

पण संपली. बंद लागले, चौकटीतली फुली घातली. काकूंनी पिशवी हातात घेतली आणि सवयीनं म्हणाल्या, "दे, काही दिवस माझ्याकडे राहू दे. बाजारात नेऊन आणते."

सुनेनं पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली. ओढली नाही, काढून घेतली.

"नको, आई. बाईंना तरी नवी द्यायचीय मला."

काकू शाळा फार शिकल्या नव्हत्या. पण "तरी" म्हणजे काय हे कळायला शाळा लागत नाही.

"बाईंना तरी म्हणजे? आणि कुणाला जुनी दिली?"

शेजारच्या खोलीत लेक मोज्यांची जोडी शोधत होता, त्याची खुडबुड थांबली.

"तुम्ही आमच्या दुकानावरून बाजारात जायचात," सून म्हणाली. "मी काच पुसत असायचे. ती हिरवी पिशवी मला इतकी आवडली होती की आमच्या दुकानातल्या मुलीला मी दाखवली. म्हटलं, बघ, माझ्या सासूबाईंनी शिवलीय. कांद्याची पात बाहेर डोकावत होती. आणि मग तुम्हाला ती नकोशी झाली तेव्हा तीच मला दिलीत, तेलाच्या डागासकट. पोस्टमनला नवं, शेजारणीला नवं. मला वाईट नाही वाटलं, आई. पण वाटलं."

काकूंनी सुई सुयांच्या गादीत खोचली. हसावं की रडावं, त्यांना ठरवता येईना.

"अगं, पोस्टमनच्या चष्म्याच्या घरात आधी माझा चष्मा राहून आलाय," त्या म्हणाल्या. "त्याला कुठं माहितीय."

मग तुटलेला बंद, ओला रस्ता, बाईंचा पाठीवरचा हात, सगळं त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांनाच नवल वाटलं, इतक्या वर्षांत हे तोंडातून एकदाही बाहेर पडलं नव्हतं.

"सगळ्याच वस्तू?" सुनेनं विचारलं.

"सगळ्याच."

"लाळेरंसुद्धा," आतून लेकाचा आवाज आला. "मी डोळ्यांनी बघितलंय."

सून हसली. तोंडावर हात न ठेवता, दात दाखवून हसली. उठली, कपाटापाशी गेली, पांघरुणं बाजूला सारून हिरवी पिशवी काढली आणि खांद्याला लावली.

"पण आता हे बघा."

काकूंनी पाहिलं. बंद तिच्या काखेत रुतला होता. काकूंच्या कमरेला टेकणारी पिशवी तिच्या बरगडीला टेकली होती आणि सुनेचं कोपर कोंबडीच्या पंखासारखं बाहेर आलं होतं.

"दिलीत त्याच दिवशी लावून बघितली होती," सून म्हणाली. "म्हटलं, डाग तर डाग. पण हात खाली जाईना. मग फारच राग आला. आई, मी माझ्या नाकावर बसवून बघते आणि गिऱ्हाइकाला चष्मा देते, असं केलं तर चालेल का?"

काकूंच्या डोळ्यांसमोरून बाजारातल्या सगळ्या पिशव्या सरकत गेल्या. शेजारीण बुटकी, तिच्या खांद्याला पिशवी छान बसायची. आणि बाकीच्या? कितीतरी जणी ती हातात लोंबकळत नेताना दिसायच्या. काकूंना वाटायचं, ज्याची त्याची सवय. मास्टरांची बायकोही चांगली उंच होती.

"स्टूल आण," त्या म्हणाल्या.

स्टुलावर चढून काकूंनी सुनेच्या खांद्यापासून कमरेपर्यंत टेप धरली. लेक स्टूल धरून उभा राहिला आणि फालतू सल्ले देत राहिला. हिरवं कापड संपलं होतं. काकूंनी फुल्या उसवल्या, बंद मधोमध कापले आणि मध्ये मोहरी रंगाचा तुकडा जोडला. जोड लपवायचा प्रयत्न केला नाही, लपण्यासारखा नव्हताच.

निळी पिशवी मात्र काकूंनी बाजारात नेली नाही. "बाई तुझ्याएवढ्या उंच, मग तूच ने," त्या म्हणाल्या. सुनेनं तिच्यात जुनी मासिकं ठासून भरली आणि रोज कामाला नेली. एक टाका सुटला. तिनं तो स्वतःच घातला, काकूंनी नुसतं पाहिलं. बाईंचा जो खांदा खाली आलाय तो सोडून दुसऱ्या खांद्याला पिशवी लावायची, म्हणून किल्लीचा खिसा उसवून उलट्या बाजूला नेला. मग पिशवी धुतली, वाळवली, इस्त्री केली. सून ती देऊन आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. काकूंनी चहा पुढे केला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हिरवी पिशवी खांद्याला लावून निघाली. दारात मान वाकवली, थांबली, आणि मागे वळून म्हणाली, "आई, आज बाजारात जाणार असाल तर तेल आणा. आणि जाताना लाळेरं बांधून जा, बूच सैल असतं."

उत्तराची वाट न बघता ती जिना उतरली.

दुकानात मास्टरांनी काकूंचा चेहरा पाहिला आणि कात्री खाली ठेवली. "काय झालं?"

"सुनेनं टोमणा मारला," काकू म्हणाल्या.

"अरेरे."

"अरेरे काय?" काकूंनी सुईत दोरा ओवला. "तुमच्या बायकोला एकदा दुकानात पाठवा. म्हणावं, त्या सगळ्या पिशव्या बाहेर काढ आणि माझी तेवढी घेऊन ये. खांद्याचं माप घ्यायचंय."