मारोतरावांची दस्ती

निघताना पास्टरसाहेबांनी माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा ठेवला, आणि सुलूमावशीनं फोनवर मला तोंडाला कुलूप लावायला सांगितलं. "तू फक्त गायचं. बोलायचं नाही. तू बोलायला लागलास की माणसं चपला शोधतात."

सुलूमावशी आईची धाकटी बहीण. लातूर-निलंगा रस्त्यावरच्या एका गावात सरकारी नर्स म्हणून गेली आणि रिटायर झाल्यावर तिथंच राहिली. गावात ख्रिस्ती घर तेवढं एकच. वीस वर्षांत तिनं कुणाला येशूबद्दल एक अक्षर ऐकवलं नाही. बाळंतपणं केली, इंजेक्शनं दिली, हाक आली की गेली. आणि आता शेजारच्या मारोतराव-गंगाबाईंनी आपणहून विचारलं होतं, की रविवारी तुम्ही घरात जे म्हणता ते ऐकायला आलो तर चालंल का? नेमका तेव्हाच मावशीचा घसा बसला. म्हणून अहिल्यानगरहून मी निघालो, आणि तिच्या नकळत माझ्याबरोबर पत्रकांची पिशवी. पिशवीवर लाल ठसठशीत अक्षरं होती: 'प्रभू येशू तुमच्यावर प्रेम करतो.'

गुरुद्वारा बघायची जुनी हौस होती, म्हणून वाट वाकडी करून आधी नांदेडला उतरलो. गोदावरीवर ऊन पडलं होतं. रिक्षावाल्यानं मला यात्रेकरू समजून दोन फेऱ्या जास्त मारल्या. लंगरमध्ये पंगतीत बसलो. दाढीवाल्या एका आजोबांनी माझ्या पसरलेल्या हातांवर रोटी ठेवली, पुढं गेले, परत आले, आणखी एक ठेवली. नाव, गाव, धर्म, काही विचारलं नाही. मांडीवरची पत्रकं मला उगाच जड लागायला लागली. पण डाळ फक्कड होती, म्हणून तो विचार मी डाळीबरोबर गिळून टाकला.

दुपारी लातूर. निलंग्याची गाडी फलाटाला लागायच्या आधीच सगळा स्टँड तिच्यामागं धावत होता. मीही धावलो आणि खिडकीतून पिशवी आत फेकली. एसटीत जागा अशीच धरतात. रुमाल, टोपी, पिशवी, जे आधी पडेल त्याची जागा. धक्के देत वर चढलो तर माझ्या पिशवीखाली एक दस्ती (मोठा रुमाल) दिसली. शेजारी खिडकीपाशी पायाला प्लास्टर घातलेली एक बाई आणि उभा तिचा नवरा, सत्तरीचा.

"दस्ती आधीची हाय, साहेब," तो म्हणाला.

"दस्ती वाऱ्यानं उडूनही येते. पिशवी बघा, दोन किलोची आहे!"

"सकाळपासून दवाखान्यात उभाच हाय मी."

"मग मी काय पालखीतून आलो का?"

कंडक्टरनं "आपसात बघा" म्हणून हात झटकले. म्हाताऱ्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं, दस्ती ओढून खांद्यावर टाकली आणि दांडी धरून उभा राहिला. मी बसलो. जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू!

गाडी औसा सोडून पुढं आली. दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि ऊस. बाई मघापासून माझ्या मांडीकडं बघत होती.

"मला वाचता येत न्हाई. काय लिवलंय हो पिशवीवर?"

आली का पंचाईत! बारीक आवाजात वाचून दाखवलं.

"असं व्हय," ती म्हणाली. "आमच्या गावच्या शिस्टरबाई बी त्याच देवाच्या हायेत. लई जीव लावतात. उद्या जाणार हाय आम्ही त्यांच्या प्रार्थनेला. त्यांचा भाचा येणार हाय म्हणे गाणं म्हणायला."

भाचा म्हणजे मीच! गंगाबाई! आणि दांडीला लटकलेले ते मारोतराव. मी ताडकन उठलो. "बसा, बसा तुम्ही!" मारोतराव हसले. "ऱ्हाऊ द्या आता. गाव आलं की."

उतरल्यावर मी कोण ते सांगावंच लागलं. मारोतरावांनी माझी पिशवी उचलली आणि बायकोला दुसऱ्या हातानं आधार देत मावशीच्या दारापर्यंत आणली. पाहुणा शिस्टरबाईंचा ना!

मावशी बसक्या आवाजात म्हणाली, "टेका दोघं. गाडीत जागा मिळाली का?"

"हाव. पाहुण्यांनी पिशवी टाकून धरली व्हती," मारोतराव म्हणाले.

मला वाचवत होता तो माणूस. पण मावशी नर्स. तिची नजर त्यांच्या पायांवर गेली. "मग हे पाय कशानं सुजले?"

मारोतराव दस्ती झटकायला लागले. शेवटी मीच म्हणालो, "मावशी, यांची जागा मी घेतली."

तिनं मला झापलं असतं तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "पाणी गरम कर. मीठ टाक. घमेलं मोरीत आहे."

आमचे पास्टरसाहेब गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी दरवर्षी बारा जणांचे पाय धुतात. ते बाराही जण घरून साबणानं घासून, नवे मोजे घालून येतात. मारोतरावांचे पाय तसे नव्हते. दवाखान्याची धूळ, स्टँडचा चिखल, टाचांना भेगा. मी घमेल्यापुढं बसलो तसे ते पाय मागं घ्यायला लागले. "नका हो, पाप लागंल आमाला!"

"धुवू द्या त्यांना," गंगाबाई म्हणाल्या. "लिवलंय त्यांच्या पिशवीवर."

मावशी खोकत खोकत हसली. मी हसलो नाही, मला रडू येत होतं. पाय पुसायला टॉवेल दिसेना, म्हणून त्यांच्याच दस्तीनं पुसले. मग सगळ्यांनी येसर (भाजलेल्या धान्याचं मसाल्याचं पीठ) घातलेली झणझणीत आमटी आणि भाकरी खाल्ली.

रविवारी सकाळी मावशी दहा वेळा दाराकडं बघून आली. तिच्या वीस वर्षांवर मी बसमध्ये पिशवी टाकली होती. आठ वाजता दोघं आले, मारोतराव धुतलेल्या धोतरात. मी तीन गाणी म्हटली. बोललो नाही. निघताना मारोतरावांनी मावशीला विचारलं, "हे दर रविवारी असतं का?"

"असतं."

"बरं."

मावशी आत जाऊन उगाच भांडी घासत बसली.

दुपारी मारोतराव मला गाडीवर बसवायला फाट्यावर आले. गाडी गच्च. मी पिशवी उचलणार एवढ्यात मारोतराव पुढं धावले आणि खिडकीतून दस्ती टाकून ओरडले, "चढा! धरली तुमची जागा!" मी बसलो, गाडी सुटली, दस्ती माझ्याच हातात राहिली. खिडकीतून हलवत राहिलो तर म्हणतात कसे, "ऱ्हाऊ द्या. पुढल्या वक्ताला आणा!"

पास्टरसाहेबांना गठ्ठा जसाच्या तसा परत केला. ते खट्टू झाले. "एकही वाटलं नाही?"

"वाटायला गेलो होतो," मी म्हणालो, "पण गंगाबाईंनी मलाच वाचायला लावलं."

दस्ती धुऊन, इस्त्री करून ठेवली आहे.