आठशेच्या आत

शेडमध्ये सगळे तिला ग्रॅमताई म्हणायचे. तिला त्याचा राग येत असेल असं कुणाला वाटलं तर ते साफ चूक. उलट नवीन आलेल्या एखाद्याने अदबीने मॅडम म्हटलं, तर तीच त्याला सुनवायची, "मॅडम ऑफिसात असतात. इथे वजनाला मी आहे."

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. शेडमध्ये तयार होणाऱ्या नव्या गाडीला लागणारी प्रत्येक वस्तू आधी तिच्या काट्यावर यायची आणि मगच गाडीवर जायची. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. बोल्ट, बोल्टखालची चकती, वायर, वायरीला गुंडाळायची पट्टीसुद्धा. तिच्या जाडजूड वहीत तीन रकाने होते: वस्तू, वजन, आणि कुणाच्या सांगण्यावरून. वेल्डर म्हणजे शेडमधला सगळ्यात चेष्टेखोर माणूस. त्याने एकदा आपली टोपी काट्यावर ठेवली. तिने चेहऱ्यावरची रेषही न हलवता लिहिलं, "वेल्डरची टोपी, ब्याण्णव ग्रॅम, गाडीला नको." ते पान त्याने पुढे कितीतरी जणांना कौतुकाने दाखवलं.

त्याआधी अठरा वर्षं ती पार्सलच्या काउंटरवर होती. तिचं ठाम मत होतं की माणसं वजनाच्या बाबतीत जेवढं खोटं बोलतात तेवढं वयाच्या बाबतीतही बोलत नाहीत. "हलकंच आहे हो" असं कुणी म्हणालं की तिचे कान टवकारलेच. मग काउंटरवर यंत्र बसलं आणि ही घरी बसली. चार महिन्यांत नवऱ्याला तिने सळो की पळो करून सोडलं. साबणाची वडी आठवड्याला किती ग्रॅम झिजते याचा हिशोब ऐकून ऐकून तो बिचारा बसच्या ड्युट्या वाढवून घ्यायला लागला. तो शहराच्या बसवर ड्रायव्हर होता, तीस वर्षं मुरलेला.

मग मोठ्या सरांनी तिला बोलावलं. मोठे सर म्हणजे शेडचे मुख्य इंजिनिअर. उभं आयुष्य त्यांनी रुग्णवाहिकांच्या बॉडी आखण्यात घालवलं, आणि आता साठी उलटल्यावर मनातली गाडी काढायला घेतली होती. त्यांनी मुलाखतीत नेहमीचा एकही प्रश्न विचारला नाही. तिच्या दोन हातांत दोन पेडल ठेवले आणि म्हणाले, "कुठला जड?"

"डावा," ती म्हणाली. "पंधरा-वीस ग्रॅमने."

फरक अठराचा होता. सर हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी टेबल आलं.

गाडी दोन माणसांची, जमिनीला बिलगून बसलेली, इंजिन पाठीमागे. वेगवान गाड्या जगात ढिगाने असतील, सरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांना चालवणाऱ्याची गाडी हवी होती. सीट जागची हलणार नाही, पेडल पुढेमागे सरकतील, म्हणजे उंच-बुटका कुणीही असो, त्याचं बूड बरोबर गाडीच्या मध्यावरच राहील. काचेच्या कडेचे खांब इतके बारीक की बसल्या जागेवरून पुढच्या दोन्ही चाकांचे माथे दिसावेत. स्टिअरिंगवरून हात सुटला की वीतभर अंतरावर गिअर. स्क्रीन नाही, गाणी नाहीत, बोलणारी बाई नाही. दाराचं आतलं हँडल तर ग्रॅमताईनेच उडवलं होतं. "ओढायलाच हवंय ना? कापडी पट्टा लावा," म्हणाली, आणि दोन दारांचे मिळून पाऊण किलो वाचले. शेडच्या भिंतीवर सरांनी खडूने लिहून ठेवलं होतं: रस्ता हाताला कळला पाहिजे. ते वाक्य पुसायची कुणाची छाती नव्हती.

शेडच्या मालकांनी मात्र एक अट घातली होती, आणि ती अट सगळ्यांच्या डोक्यावर टांगलेली होती. गाडी तेल-पाण्यासकट आणि रिकाम्या टाकीने आठशे किलोच्या आत भरली, तर अशा पन्नास गाड्या करायच्या. नाही भरली तर गाडी झाकून ठेवायची आणि शेडने पुन्हा रुग्णवाहिकांना लागायचं. सोमवारी सकाळी मालकांची माणसं स्वतःचा काटा घेऊन येणार होती.

त्याआधीच्या गुरुवारी दुपारी तयार गाडी पहिल्यांदा चार चाकांखाली चार काटे ठेवून मोजली. आकडा आला आठशे नऊ किलो चारशे.

ग्रॅमताईने लगेच वही उघडली. तिच्या वहीची बेरीज आठशे सहा पूर्णांक तीन होती. म्हणजे एक तर गाडी वहीपेक्षा जड, आणि दुसरं म्हणजे वहीच मुळात आठशेच्या वर. दुसरी गोष्ट तिला महिन्याभरापासून ठाऊक होती. ती रोज सांगत होती आणि रोज सर म्हणत होते, "बघू. कुठेतरी निघेल."

"कुठेतरी म्हणजे कुठे?" आता तिने विचारलं. "वजन काही पळून जात नाही, सर."

सर केबिनमध्ये गेले.

आधी वहीबाहेरचं सापडलं. शुक्रवारी सकाळी तिने रंगाऱ्याला समोर उभं केलं. पत्रा गुळगुळीत व्हावा म्हणून त्याने पुट्टीचा एक जास्तीचा हात मारला होता. डबा मोजून दिलेला, पण दुसरा डबा त्याने परस्पर उघडला होता. वेल्डरने तर जोड पक्के व्हावेत म्हणून गाडीच्या तळाखाली दोन पट्ट्या मारून ठेवल्या होत्या. "मजबुतीला हो, ग्रॅमताई! हलक्याच आहेत!"

"हलक्याच?" ती अशी काही कडाडली की शेजारच्या यंत्रावरच्या माणसाने यंत्र बंद केलं. "वर्षभर मी इथे वॉशर मोजतेय आणि तू पट्ट्या मारतोस? काढ आत्ताच्या आत्ता!"

वेल्डर मान खाली घालून कामाला लागला. त्या दिवशी त्याने चेष्टा केली नाही. संध्याकाळपर्यंत पुट्टी घासून झाली, पट्ट्या निघाल्या आणि गाडी वहीवर आली. आठशे सहा किलो तीनशे. आता लपलेलं काही उरलं नव्हतं. आता जे काढायचं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं होतं.

शनिवारी सकाळी तिने वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न, तू नसलीस तर गाडी अडेल का? ब्रेक अडेल. दिवा अडेल. दुपारी ती एका ओळीवर थांबली. स्टिअरिंगला जोर देणारी मोटर, ब्रॅकेट आणि वायरसकट, सात किलो दोनशे. कुणाच्या सांगण्यावरून, तिथे मोठ्या सरांची सही.

पहिल्या आराखड्यात ही मोटर नव्हती. सरांनीच तेव्हा सगळ्यांना बजावलं होतं की मोटर मध्ये आली की रस्ता हाताला कळत नाही. मग ही आली कधी? तिने तारीख पाहिली. आठ महिन्यांपूर्वी सर शिडीवरून पडले होते. खांद्याचं ऑपरेशन झालं, दोन महिने हात गळ्यात होता. मोटर त्यानंतरच्या आठवड्यातली होती.

तिला एकदम कळलं आणि कळल्याबद्दल वाईटही वाटलं. वही मिटावी आणि गप्प बसावं असं क्षणभर मनात आलंच. पण गप्प बसायला तिला कुणी ठेवलं नव्हतं. वही उघडी धरूनच ती केबिनमध्ये गेली.

"सर, ही ओळ."

सरांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा कठोर झाला. "ती राहील."

"मग गाडी आठशेच्या आत बसत नाही."

"दुसरं शोधा."

"दुसरं नाहीये. मी तीन वेळा पाहिलं."

"ताई, तुम्ही पार्सलं मोजायच्या," सर तडकले. "गाडीत काय राहील ते मी ठरवीन!"

शब्द तिला लागला. पण ती जागची हलली नाही. "पार्सलं मोजायचे म्हणूनच सांगते. हलकंच आहे असं म्हणून वजन कमी होत नाही. भिंतीवरचं वाक्य तुमच्याच अक्षरात आहे, सर."

सरांनी उजवा हात टेबलावरून उचलला. खांद्याच्या वर तो गेलाच नाही. "ती काढली तर ही गाडी मला वळवता येणार नाही," ते म्हणाले. "उभ्या गाडीचं स्टिअरिंग माझ्याच्याने तसूभर हलत नाही. मी करून पाहिलंय. तीस वर्षं ही गाडी डोक्यात घेऊन फिरलो, ताई, आणि तीच दुसऱ्याने चालवलेली बघायची? माझा जीव होत नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते लपवलं नाही, पण वहीही मिटली नाही. "विचार करा, सर," एवढंच म्हणून ती बाहेर आली.

घरी नवरा पातेल्यात डाव फिरवत होता. हिचं तोंड बघून त्याने विचारलं, "आज कुणाचं वजन वाढलं?" तिने सगळं सांगितलं.

नवऱ्याने डाव बाजूला ठेवला. "अगं, उभी गाडी वळवायची कशाला? आम्ही जुन्या बसवर बारा वर्षं काढली, तेव्हा कुठे होत्या मोटरी? उभ्या बसचं स्टिअरिंग पैलवानालाही भारी. पण चाक जरा सरकलं की लोण्यासारखं फिरतं. आमचे उस्ताद पाठीत धपाटा घालून शिकवायचे, आधी सरकू दे, मग वळव. आणि तुमची गाडी तर माझ्या बसच्या दारापेक्षा हलकी असेल!"

"अहो, दारापेक्षा नाही हो."

"बरं बाई, दोन दारांपेक्षा."

"पण शेडचं अंगण किती चिंचोळं आहे! तिथे उभ्यानेच पुरतं वळवावं लागतं, नाहीतर गाडी फाटकातून निघतच नाही."

"मग त्याचं काय करायचं ते तू बघ," तो म्हणाला. "वजनातलं तुला कळतं."

रविवारी शेडला सुटी होती, तरी ती गेली. दार उघडंच होतं. गाडीच्या आतून दोन पाय बाहेर आले होते. सर आडवे पडून मोटरचे बोल्ट काढत होते. तीन निघाले होते आणि चौथा वरच्या अंगाला होता, तिथे हात पोचत नव्हता. तिची चाहूल लागली तसे आतूनच म्हणाले, "ताई, पाना घ्या. हा माझ्याच्याने होत नाही."

तिने पाना घेतला. बोल्ट काढला. मोटरच्या जागी बसवायची साधी नळी तिने काट्यावर ठेवली, ती भरली सहाशे ग्रॅम. मग दोघांनी गाडी चार काट्यांवर घेतली. सातशे नव्याण्णव किलो सातशे. सरांनी आकडा बघितला आणि चष्मा पुसत राहिले.

"उद्या मालकांचा ड्रायव्हर चालवेल," ते म्हणाले. "चांगला आहे तो."

"उद्याचं उद्या बघू," ती म्हणाली. निघण्याआधी तिने कागदावर पुढच्या दोन चाकांवरचं वजन लिहून घेतलं. तीनशे तेरा किलो. मग वेल्डरच्या घरी जाऊन आली. रंगाऱ्याच्याही.

सोमवारी मालकांच्या माणसांनी आपला काटा मांडला. गाडी ढकलत आणली, तेव्हा तिचं तोंड भिंतीकडे होतं. आकडा हलत हलत स्थिरावला. सातशे नव्याण्णव आणि अर्धा. वेल्डरने अशी काही आरोळी ठोकली की मालकांचा माणूस दचकून दोन पावलं मागे सरला. ग्रॅमताईचा जीव भांड्यात पडला, पण ती जागेवरून उठली नाही. अजून काम बाकी होतं.

गाडी काट्यावरून खाली आली, टाकीत दोन लिटर पेट्रोल पडलं. मालकांचा ड्रायव्हर हातमोजे चढवत पुढे झाला. सर त्याच्यासाठी दार उघडायला निघाले.

"थांबा," ग्रॅमताई म्हणाली. "सर, तुम्ही बसा."

"ताई, समोर भिंत आहे. मला..."

"बसा म्हटलं ना!"

सर बसले. त्यांनाही तिचा तो आवाज ठाऊक झाला होता. तिने बोट केलं तसे वेल्डर, रंगारी आणि शेडमधले आणखी चौघं गाडीच्या तोंडाशी आले. ती स्वतः सातवी. "पुढची बाजू तीनशे तेरा किलो," तिने मोठ्याने सांगितलं. "सर आत आहेत, त्यांच्या वजनातले पुढच्या चाकांवर पंचवीस-तीस धरा. माणशी पन्नासच्या आत पडतात. पाठ सरळ, गुडघे वाकवा. उचला!"

आणि गाडी उचलली. पुढची चाकं जमिनीपासून चार बोटं वर आली. सात माणसं खेकड्यासारखी बाजूबाजूने सरकत गेली, वेल्डर कण्हत होता, "ग्रॅमताई, माझी टोपी काढून ठेवायला हवी होती!" आणि गाडीचं तोंड भिंतीकडून फिरत फिरत थेट फाटकासमोर आलं. अलगद खाली ठेवली. मालकांची माणसं तोंडात बोटं घालून बघत राहिली.

ग्रॅमताई धापा टाकत काचेपाशी वाकली. "आता सरळ आहे, सर. आधी सरकू द्या, मग वळवा."

सरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. मग इंजिन सुरू झालं, गाडी सावकाश सरकली, फाटकाबाहेर गेली आणि वळली. आवाज लांब लांब जात राहिला. वीस मिनिटं कुणीही कामाला हात लावला नाही.

परत आल्यावर सर लगेच उतरले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. "दुसऱ्या वळणावर बारीक खडी आहे," ते म्हणाले. "दिसली नाही. हाताला कळली." थोड्या वेळाने मान वर करून पाहिलं, तर गाडी पुन्हा भिंतीकडेच तोंड करून उभी होती.

"उद्या परत उचलावी लागेल, ताई."

"उचलू की," ग्रॅमताई म्हणाली आणि वही उघडून खाली बसली.