रंगूबाईंची थोरली आणि धाकटी

रंगूबाईंविषयी लिहावं इतकी माझी त्यांची ओळख नव्हती. मखमलाबादला आमच्या कुंपणापलीकडे त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा. सकाळी देवाला फुलं आणायला मी जायचो तेवढ्यापुरतंच बोलणं व्हायचं. त्यांचं माहेर कुठलं हेही मला त्या गेल्यावर त्यांच्या मुलाकडून, महेशकडून कळलं. तरी त्यांच्या गाढवांविषयी कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि ती रोज पाहणारा दुसरा कुणी नव्हता.

ती साधी गाढवं नव्हती. जेमतेम कमरेपर्यंत येणारी, मोठ्या कानांची, बुटक्या जातीची दोन. धरणाकडच्या एका रिसॉर्टवाल्याने मुलांना फोटो काढायला म्हणून आणलेली. रंगूबाई तिथे हार पोचवायच्या. रिसॉर्ट बंद पडलं तेव्हा या दोघींना न्यायला कुणी आलं नाही, म्हणून रंगूबाई त्यांना दाव्याने धरून चालत घरी घेऊन आल्या. जावा-जावांसारखी नावं ठेवली, थोरली आणि धाकटी.

गावात थट्टा व्हायची. शेजारच्या मळ्यातला निवृत्ती बांधावरून ओरडायचा, "काकू, लोक गाई पाळत्यात, तुम्ही हे काय आणलं? दूध देत्यात का?"

"तू तरी कुठं देतो? तुझ्या आईनं पाळलाच ना तुला?"

थंडीत दोघींना बाधू नये म्हणून त्यांनी आपली जुनी लुगडी एकावर एक ठेवून झुली शिवल्या होत्या. मी घरातली गाजराची सालं घेऊन जायचो. निघताना त्या ताटव्यातूनच ओरडायच्या, "भाऊ, कडी लावा. बाहेर निघत्यात." फाटक नीट लागायचं नाही. कडी लावायला ते जरा उचलून घ्यावं लागे.

गेल्या दिवाळीनंतर थोरली पोट फुगून मेली. रंगूबाईंनी मला हाक मारली आणि धाकटीचं दावं माझ्या हातात दिलं.

"हिला तुमच्या अंगणात न्या. खड्डा बुजला की सांगते."

"पाहू दे की तिला," मी म्हणालो.

"नाय भाऊ. घरात कुणी गेलं की लेकरं शेजारी धाडायची. सासू गेली तेव्हा महेशलाबी धाडला होता. रीत हाय ती."

मी धाकटीला घेऊन आलो. तिकडे थोरलीला तिच्या झुलीसकट पुरलं.

धाकटी परत गेली ती थेट फाटकापाशी जाऊन उभी राहिली. दिवसभर रस्त्याकडे पाहायची आणि एवढ्याशा जिवातून केवढ्यांदा ओरडायची. थोरली बाहेर गेली आहे, येईल, असं तिला वाटत असावं. चारा तसाच पडून राहायचा. बरगड्या दिसू लागल्या. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मेलेलीला हुंगू द्यायला हवं होतं हिला. मग समजतं त्यांना. ही आता शोधतच राहणार."

रंगूबाईंनी धाकटीच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मला वाटलं, नाय पाहिलं तर दुखणार नाय."

त्यांनी थोरलीचं काही वासाचं सापडतं का ते पाहिलं. फक्त दावं उरलं होतं. ते धाकटीपुढे टाकलं. तिने हुंगलं, चाटलं आणि पुन्हा फाटकाकडे तोंड केलं. रंगूबाईंनी आपली खाट गोठ्यात नेली. भाकरीही तिथेच खायच्या. एक घास स्वतः घ्यायचा, एक तिच्यापुढे धरायचा. ती वास घ्यायची आणि मान वळवायची.

"नवरा आजारी होता तेव्हाबी इतकी जवळ बसले नव्हते," त्या मला म्हणाल्या आणि हसल्या. "माणसानं नाय भागत हिचं."

विंचूरच्या बाजूला एकाच्या शेतावर याच जातीची तीन गाढवं आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. धाकटीला तिथे न्यायचं तर लवकर न्या, असंही. रंगूबाईंना घरात दुसरं कोणी नव्हतं. महेश पुण्याला. दोन दिवस गेले. मग एका सकाळी टेम्पो आला. धाकटीच्या अंगावर झूल होती आणि रंगूबाई मागे तिच्याशेजारी गोणपाटावर बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी फुलांना गेलो तेव्हा त्या परतल्या होत्या.

"खाल्लं का तिनं?" मी विचारलं.

"लगेच. त्यातल्या एकीनं मानेवर मान टाकली, ही खायलाच लागली. मी निघाले तर वळूनबी नाय पाहिलं."

"बरं झालं."

"बरंच झालं की."

त्यानंतर मळा फार शांत झाला. खाट गोठ्यातच राहिली. गाजराची सालं मी सवयीने एकदा नेली आणि तशीच परत आणली. संक्रांतीच्या आधी एका पहाटे रंगूबाई झोपेतच गेल्या.

आदल्या सकाळी शेवंती घेऊन मी निघालो, तेव्हा त्या ताटव्यात वाकून फुलं खुडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, कडी लावा."

मी फाटक जरा उचललं.

"लावली," मी म्हणालो.