जावयाने बदललेले ब्रेक

ऊर्जानगरच्या क्वार्टरमधून गाडी बाहेर काढतानाच ब्रेकचे पेडल मला नरम लागले. पाय ठेवला की गादीत रुतावे तसे खाली जाई. ताईच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या भाऊजींनी, आदल्या दिवशी मागच्या अंगणात आपल्या या गाडीच्या पुढच्या चाकांचे ब्रेकपॅड स्वतः बदलले होते. वीज केंद्रातली नोकरी. गाडी गॅरेजवाल्याकडे देणे त्यांना कमीपणाचे वाटते. मी काच खाली करून सांगितले, तर ते दात कोरत म्हणाले, "नवे पॅड आहेत. चालवता चालवता बसतील."

शेजारी आई बसली होती. धानोऱ्याला तिच्या धाकट्या बहिणीकडे मी तिला घेऊन चालले होते. ती पदर सावरून हळूच म्हणाली, "जावयाच्या कामाले नाव नोको ठेवू." आमच्याकडे जावयाचे काम नावाजायचे असते, तपासायचे नसते. मी गिअर टाकला.

मूल गावापर्यंत दोन्ही बाजूंना सागाचे जंगल आणि वाघापासून सावध करणाऱ्या पाट्या. मी हळू चालवत होते. मूलला तर्री-पोहे खाल्ले. पोहे झणझणीत होते, पण माझे सगळे लक्ष पायात. पेडल लागोपाठ दोन-तीनदा दाबले की वर येई, कडक होई. जरा थांबले की पुन्हा मऊ. मी भाऊजींना फोन लावला.

"भाऊजी, ब्रेक बसून राह्यला."

"मंग? बसनारच. बसू द्या."

आणि फोन बंद. मी सांगत होते की पेडल खाली बसतेय. त्यांनी ऐकले की पॅड जागेवर बसताहेत. एका शब्दाचे दोन अर्थ, आणि त्यांनी त्यांच्या सोयीचा उचलला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथेच गॅरेज शोधू म्हटले, तर आई टपरीच्या बाकावरून हलेना.

"जावयानं केलेलं काम परक्याले खोलून दाखवाचं? त्यायले समजलं तं काय वाटन?"

आपल्या जिवाचे काय, हे तिच्या मनातही आले नाही. मला तिचाही राग आला, पण भर रस्त्यात आईशी किती भांडणार? निघालो.

वैनगंगेचा पूल ओलांडला, गडचिरोली मागे पडली. धान कापून झालेल्या बांध्या (भाताची खाचरे) उन्हात पिवळ्या पडल्या होत्या. पुढे जंगल दाट झाले, आणि एका वळणावर गाईंचा कळप रस्त्यात उभा. मी ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला टेकले. पुन्हा दाबायला उसंतच नव्हती. गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, स्टिअरिंग वळवले. गाडी रस्ता सोडून बांधीच्या धुऱ्याला (बांधाला) जाऊन थांबली. आईच्या मांडीवरचा डबा उघडून सांभारवड्या (कोथिंबिरीच्या वड्या) सगळ्या पायाशी सांडल्या. पट्टा लावला होता म्हणून आई शाबूत राहिली.

गुराखी धावत आला. "बाई, ब्रेक नाई का गाडीले?"

"हायेत," आईच बोलली. "जावयानं बसवले."

पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने धानोरा गाठले. स्पेअरपार्टच्या दुकानात मालक रहीमभाई एकटेच होते. मिस्त्री वडस्याला झाडीपट्टीचे नाटक बघायला गेलेला, उद्या येणार. पेडल लागोपाठ दाबल्यावर वर येतेय म्हणजे ब्रेकच्या नळीत हवा अडकली आहे, एवढे मला कळत होते. हवा काढायला दोन माणसे लागतात. रहीमभाईंनी ब्रेक ऑईल, पाना आणि पारदर्शक नळी काढून दिली आणि गिऱ्हाईक बघायला गेले. मी आईला ड्रायव्हरच्या सीटवर बसवले.

"मी दाब म्हटलं की दाब. धर म्हटलं की पाय उचलू नको."

आईने चप्पल काढून पेडलवर पाय ठेवला. मी चाकाशी बसून निपल (हवा काढायचा नट) सैल केला. नळीतून बुडबुडे निघाले. नट आवळला, ऑईल भरले, पुन्हा तेच. दुसऱ्या चाकाचेही तसेच. "दाब. धर. सोड." बुडबुडे थांबले तसा आईचा पाय अर्ध्यातच अडू लागला.

"आता टणक लागते," ती म्हणाली. "आन् हवा कशी गेली अंदर?"

"पॅड बसवताना हा नट भाऊजींनी उघडला असणार. मग हवा न काढताच गाडी हाती दिली."

आईने पेडल आणखी एकदा स्वतःच दाबून पाहिले. बहिणीकडे गेल्यावर तिने जावयाचे एकदाही कौतुक केले नाही. मावशीने दोनदा विचारले, तब्येत बरी नाही का.

परतीच्या वाटेवर ब्रेक चोख लागत होते, माझा राग मात्र कमी होईना. रस्ता अरुंद, गुरे मोकाट, हे सगळे मी समजू शकते. पण माणसाचा मान जपायला माणूसच पणाला लावायचा, हे मला अजून पटलेले नाही. जंगलातला वाघ परवडला, त्याच्याबद्दल निदान पाटी तरी लावतात.

क्वार्टरच्या दारात भाऊजी हसत उभे. "बसले ना ब्रेक? उद्या तुमच्या ताईले घेऊन मी नाटकाले चाललो वडस्याले."

मी तोंड उघडणार, तोच आईने माझ्या हातातली किल्ली घेतली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि नेहमीच्याच अदबीने ती त्यांच्यापुढे धरली.

"जावईबापू, आता पोरीनं अन् म्या हवा काढली. पन पुढच्या खेपी काम केलं, का पयले तुमी एकटे जंगलातून फिरून येत जा. मंग माह्या पोरीयले बसवा."