मोठा मळा विकणे आहे

धाकटी जाऊ घरात आली तेव्हा मला राग यावा असं तिने काहीच केलं नाही, आणि मला नेमका त्याचाच राग आला. मेली भांडायचीसुद्धा नाही. "ताई, तुम्ही सांगाल तसं," म्हणायची. आता अशा बाईशी वैर धरायचं तरी कसं?

२००५-०६च्या आसपासची गोष्ट. नाशिक रोडला आमचं एकत्र घर, सासरे नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. घरात कॉम्प्युटर एक, फोनची लाइन एक. वेबसाइटची नावं आधीच घेऊन ठेवायची आणि ज्याला लागेल त्याला नफा घेऊन विकायची, हा उद्योग त्या घरात मी आणला. सासूबाई म्हणायच्या, "घराचा पत्ता नाही आणि पाट्या विकते ही." धाकटीने चार दिवस माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि तिनेही नावं घ्यायला सुरुवात केली. मला विचारून हं! मीच हो म्हटलं आणि आतून पेटले.

दुपारी लोडशेडिंग, संध्याकाळी पोरांचा अभ्यास. म्हणजे कामाची वेळ एकच, पुरुष कामावर गेल्यानंतरची सकाळ. ती कुणाची यावरून आमची धुसफूस सुरू झाली. माझीच म्हणा, ती कुठली धुसफुसतेय! शेवटी सासऱ्यांनी जेवता जेवता निकाल दिला, "जिच्या नावाला जास्त भाव येईल तिची सकाळ. दुसरीने स्वयंपाक बघायचा."

माझ्याकडे हुकमाचं पान होतं, 'मोठा मळा'. मी सिन्नरकडची, मळ्यातच वाढलेली. गिऱ्हाईक त्या नावावर आलं की त्याच्यासमोर काय उघडावं, यावर मी जीव टाकला. भावाच्या बागेतल्या द्राक्षांचे मोठे मोठे फोटो, हिरवीगार अक्षरं, आणि अगदी खाली, बारीक, 'हे नाव विकणे आहे' आणि घरचा फोन नंबर. आणि जाऊबाईंचं पान? पांढरं फटक. मध्ये नाव, खाली 'विकणे आहे'. बस. वर तिने आपली नावं परदेशातल्या नावांच्या बाजारात नेऊन टाकली. तिथले लोक गिऱ्हाईक आणतात आणि आपला वाटा कापून घेतात.

"म्हणजे आडतच की," मी म्हटलं. "माहेरी आमच्या आबांनी जन्मभर आडत्यांना शिव्या घातल्या. मी आडत देणार नाही."

"बरं ताई," ती म्हणाली.

आणि तिचं नाव त्या बाजारात विकलं गेलं! काहीतरी इंग्रजी होतं, अर्थ घरात कुणालाच कळला नाही. सासूबाईंनी शिरा केला. मी खाल्ला, छान झाला होता, आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. दुसऱ्या दिवसापासून मी आत पोळ्या लाटायचे आणि बाहेरच्या खोलीतून तिची टकटक ऐकायचे. देवासमोर हात जोडले तरी मनात यायचं, हिच्या हातातला माउस तरी एकदा बिघडू दे.

फोन मलाही यायचे, नाही असं नाही. "द्राक्षं काय भाव?" चांदवडच्या एकाने तर विचारलं, "बाई, कांदा बी घेता का?" लोकांना वाटायचं खरंच कुठेतरी मळा आहे आणि माल विकायला बसलाय. सासूबाई रिसीव्हर हातात देत म्हणायच्या, "घे, तुझं गिऱ्हाईक. नाव मोठं, लक्षण खोटं."

धाकटी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. भाजी निवडताना हळूच म्हणाली, "ताई, रागावू नका. ती द्राक्षं काढून टाका. पान रिकामं असलं की ज्याला जे हवं ते त्याला दिसतं."

"तुला मळा माहीत आहे का गं?" मी फाडकन म्हटलं. "पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर वाढलेली तू!"

पण ते वाक्य डोक्यातून जाईना. एका दुपारी वीज चुकून गेलीच नाही, तेव्हा मी सगळी द्राक्षं काढली. जीव होत नव्हता, पण मला सकाळ हवी होती. उरलं ते इंग्रजी अक्षरांतलं नाव, 'विकणे आहे' आणि नंबर. घरात कुणाला बोलले नाही. तिचं ऐकलं हे तिला कळलं असतं तर मी मेल्याहून मेल्यासारखी झाले असते.

थोड्याच दिवसांत फोन आला. "ताई, ते मोठा माळा विकायचंय का?"

"मळा," मी म्हटलं.

"माळा हो, माळा! लोखंडी माळे बनवतो मी, सिन्नरला एमआयडीसीत. गोडाऊनमधी सामान ठेवायला लागतात ना, तसले. लय दिवस नजर होती. पन तिथं द्राक्षं दिसायची. म्हटलं, कुना बागायतदाराचं दुकान चालू हाय, तो कशाला देतोय!"

मी मनात अक्षरं लावली. एम-ए-एल-ए. इंग्रजीत कुठला आलाय 'ळ'! मळा काय, माळा काय, माला काय, सगळं एकच. आणि मी त्या अक्षरांवर द्राक्षं टांगून बसले होते.

"माळाच आहे तो," मी म्हटलं. "पहिल्यापासून माळाच."

भावाची घासाघीस केली, अगदी आबांसारखी. रात्री ताटं वाढताना जाहीर केलं. आकडा ऐकून सासऱ्यांचा घास थांबला. धाकटीच्या नावाला त्या बाजाराची कापाकापी जाऊन उरलं होतं त्याच्यापेक्षा माझं बरंच वर होतं. "उद्यापासून सकाळ थोरलीची," ते म्हणाले.

"ताई, द्राक्षं काढलीत का हो?" धाकटीने विचारलं.

"काढली. मलाच वाटलं, पान मोकळं असावं."

ती ताटं उचलून आत गेली. मागचं आवरताना तिने मोरीत पातेलं असं आदळलं की सासूबाई दचकल्या. मी आत गेले तर गाल लाल, डोळ्यांत पाणी. "कमाल आहे हं तुमची!" ती माझ्यावर फिस्कारली. "अक्कल माझी आणि सकाळ तुमची?"

अगं बाई! ही जळत होती. अगदी माझ्यासारखी, पार आतून. इतक्या दिवसांत ती मला पहिल्यांदाच आवडली. मी तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि म्हटलं, "आता शोभलीस माझी जाऊ!"