फाइलवरचा एक शब्द

"बाळाचे ठोके नाहीत," सोनोग्राफीच्या डॉक्टर स्क्रीनकडे बघतच म्हणाल्या. मला नववा आठवडा होता. मशीन नीट लागलं नसेल, असंच मला वाटलं. पहिल्या मुलीच्या, स्वराच्या वेळी मी सातव्या महिन्यापर्यंत अंबरनाथच्या कंपनीत उभ्याने पॅकिंग केलं होतं. यावेळी दोन दिवस तपकिरी डाग दिसला, एवढंच.

रिपोर्टवर 'मिस्ड अबॉर्शन' लिहिलं होतं. म्हणजे गर्भाची वाढ आपोआप थांबते, पण तो शरीराबाहेर पडत नाही. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी कुणी सांगितलं नाही, पुढचा नंबर पुकारला. बाहेर बाकावर गरोदर बायका बसल्या होत्या. मला त्यांच्या पोटांचासुद्धा राग आला.

दुसऱ्या दिवशी उल्हासनगरच्या हॉस्पिटलात पिशवी साफ केली आणि संध्याकाळी मला सोनिवलीला घरी आणलं.

तिसऱ्या दिवशी नणंद भेटायला आली. तिने फाइल चाळली आणि सासूबाईंना म्हणाली, "आई, हिने पाडून घेतलंय. हे बघ, अबॉर्शन लिहिलंय." मी आतल्या खोलीत जागीच होते. नवरा बाहेर मोबाइल बघत बसला होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. मी जाब विचारला तर म्हणाला, ताईचं मनावर घेऊ नको. मला नणंदेपेक्षा त्याचा संताप जास्त आला.

दोन दिवसांत खालच्या मजल्यावरच्या काकू येऊन विचारून गेल्या, नोकरीसाठी केलंस का गं?

आठवड्याने हॉस्पिटलात तपासणी होती. मी नवऱ्याला सांगितलं, तू आणि आई दोघंही आला नाहीत, तर मी स्वराला घेऊन माहेरी जाईन. दोघं आले.

तिथल्या डॉक्टरबाई वयस्कर, सिंधी. त्यांनी फाइल सासूबाईंसमोर ठेवली. "माँजी, गर्भ आपोआप गेला तरी आम्ही हाच शब्द लिहितो. इसने कुछ नहीं किया. बाळाची वाढ आधीच थांबली होती."

सासूबाईंनी विचारलं, काही जड उचललं असेल, पपई खाल्ली असेल?

"नाही. बहुतेक वेळा गर्भातच दोष असतो. ते कुणाच्या हातात नसतं."

रिक्षात सासूबाई एवढंच म्हणाल्या की आमच्या वेळी असे शब्द नव्हते. माफी त्यांनी आजपर्यंत मागितलेली नाही. मीही कुणाला माफ केलेलं नाही, आणि तरीही मी बरी झाले. डॉक्टरबाईंचे उपकार मात्र मानते. तुमच्यावर ही वेळ आली तर रिपोर्टमधल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ तिथेच विचारा, घरच्यांना समोर बसवून.

त्या दिवशी घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "आता गेला ना राग?"

"नाही," मी म्हटलं. "ताईंना फोन लाव. डॉक्टरबाई काय म्हणाल्या, ते माझ्यासमोर सांग त्यांना."

तो म्हणाला, उद्या लावतो. मी हलले नाही. शेवटी त्याने नंबर लावला.