शेणानं सारवलेलं पीच

मूलच्या धान-गिरणीत अजूनही कुणी ना कुणी छातीठोक सांगतं, की वहाबभाईंनी सिलोनात एकाच चेंडूत तिथल्या कप्तानाच्या तिन्ही दांड्या उडवल्या आणि त्यानं खूश होऊन डोक्यावरची हॅट काढून त्यांना दिली. साफ खोटं. मीच विचारलं होतं. "अबे, हॅट कोलंबोच्या बजारातून घेतली. ऊन कित्ती होतं तिथी!" पण ते हिंदुस्थानच्या संघातून सिलोनात खेळले, हे मात्र खरं. बॅटनं बरे, चेंडूनं त्याहून बरे. पुढे गुडघा गेला आणि ते मूलला येऊन गिरणीचं इंजिन सांभाळू लागले.

संध्याकाळी इंजिन थंडावलं की आम्हा पोरांना शिकवत. एक पाय ओढत यायचे आणि नाकातून ओरडायचे, "पोट्टेहो, चेंडू पाहा, चेंडू! आभायात काय तुमची आत्या बसली हाय?" हा आवाज मी असा काढायचो, की अर्धा संघ मैदानात धावत यायचा. यंदा ते नागपूरच्या एका कॉलेजात क्रिकेट शिकवायला गेले. आता आवाज काढला तरी कोणी धावत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं, मीच आहे.

मैदान म्हणजे नानाजींची धानाची बांधी, चहूकडून बांध घातलेलं शेत. कापणी झाली की ते मधली जागा चोपून, सारवून खळं करत. धानाचे भारे येईपर्यंत तेच आमचं पीच. सत्तावन्न साली नानाजींनी अट घातली, "चांद्याच्या संघाले हरवा, तं खळं मी दुसऱ्या बांधीत करतो. हारले तं त्याच दिवशी भारे टाकतो इथी." गावात दुसरी सपाट जागा नव्हती. हरलो असतो तर वहाबभाईंचं शिकवणंच संपलं असतं.

सामन्याच्या सकाळी पोचलो, तर पीच ताज्या शेणानं ओलं, हिरवंगार! नानाजींची बायको भागीरथाबाई बादली घेऊन उभी.

"बाई, हे काय केलं?" वहाबभाईंनी कपाळ धरलं.

"काऊन? चांद्याचे पाव्हणे येऊन राह्यले. बिनसारवल्या जागी खेळवता का त्याईले?"

"हारलो भाऊ आपण," मी म्हणालो.

वहाबभाईंनी वाकून अंगठ्यानं शेण दाबून पाहिलं. मग आभाळाकडे पाहिलं. ऊन चढत होतं. "लाव शर्त. हारलो तं महिनाभर बजारात, सगळ्याईसमोर, मी लाज सोडून तुह्यी नक्कल करीन. जिकलो तं होळीपर्यंत माह्यी नक्कल बंद."

"लावली!"

नाणेफेक आम्ही जिंकली. त्यांनी चांद्याला फलंदाजी दिली आणि जोरात टाकणाऱ्या वारलूऐवजी चेंडू लटारूच्या हातात ठेवला. "हळू टाक बे. शेणाले काम करू दे."

चांद्याची पोरं चटई अंथरलेल्या पीचवर खेळणारी. चेंडू उसळेल म्हणून बॅट उंच धरून बसली. चेंडू पडायचा फच्चकन आणि तिथंच रेंगाळायचा. यांची बॅट आधीच फिरून गेलेली. कोणी झेल दिला, कोणी दांडी. जेवणाआधीच सगळे बाद.

दुपारी उन्हानं सारवण वाळलं, घराच्या ओसरीसारखं टणक झालं. तरीही आमचे आठ गडी गेले, तेव्हा कुठे जिंकण्यापुरत्या धावा झाल्या. नानाजी भाऱ्यांची बैलबंडी घेऊन बांधाच्या धुऱ्यावर उभेच होते. त्यांनी बैल दुसऱ्या बांधीकडे वळवले. वहाबभाई गुडघा धरून मटकन खाली बसले आणि कितीतरी वेळ त्या बंडीकडे पाहत राहिले.

पोरांनी मला मधोमध ओढलं. "वहाबभाई कर बे! वहाबभाई कर!"

मी नाक आवळलं, एक पाय ओढला, तोंड उघडलं. वहाबभाईंनी तिकडून नुसती भुवई उचलली. मी तोंड मिटलं. होळी अजून दोन महिने लांब होती.